मुलाखत एकट्याची नसते

नागपुरात एम.एड. करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न : अमेरिकी शिक्षण-मानवशास्त्रज्ञ फ्रेडरिक एरिक्सन यांच्यावर टिपण लिहितेय. माणसं समोरासमोर बोलतात-वागतात त्याला ‘आंतरक्रिया’ म्हणू की ‘संवाद’? आणि त्यांनी अभ्यासलेल्या इंटरव्ह्यूंना मैत्रीण ‘साक्षात्कार’ म्हण म्हणते, ते चालेल का?

शेवटचं आधी. नाही चालणार! साक्षात्कार हिंदीत नोकरीसाठी होतो, मराठीत तुकोबांना होतो. सीताबर्डीत एका दुकानाच्या काचेवर मराठी पाटी पाहिली होती : ‘साक्षात्कार सकाळी ११ वाजता’. देव वेळ देऊन येणार म्हणायचा.

आपल्याकडे मुलाखत आहे की. अरबीत ल-क-य हा तीन अक्षरांचा धातू, अर्थ भेटणे, त्यावरून ‘मुलाकात’. अरबीत या साच्याचे शब्द बहुधा एकट्याने न होणाऱ्या कामाचे असतात. मुकाबला घ्या, मोबदला घ्या, मुशायरा घ्या. आपला मामलासुद्धा मूळचा ‘मुआमला’, दोघांमधला व्यवहार. सगळी एकाच घरची भावंडं. म्हणून ‘साहेबांनी मुलाखत घेतली’ ऐकलं की मला खटकतं. रूढ आहे, मान्य. पण घ्यायला ते काय रक्त आहे?

आता ‘क’चा ‘ख’ कुठून आला? कोशवाले ‘अपभ्रंश’ म्हणून मोकळे होतात. हा आळस झाला. हैदराबादी दखनीत ‘करीब’चं ‘खरीब’ होतं, आपल्याकडे ‘वक्त’चा वखत झाला. मुलाखत त्याच वाटेने आली, असं माझं ठाम मत. नागपुरात तर एकाच टपरीवर हिंदी बोलणारा ‘मुलाकात’ म्हणतो, मराठी बोलणारा ‘मुलाखत’, आणि चहा दोघांचा एकच. शुद्धिवाद्यांना हा शब्द परका वाटतो. त्यांनी आधी मोबदला घेणं सोडावं.

हां, एरिक्सन. समुपदेशक आणि विद्यार्थी यांच्या भेटी त्यांनी चित्रित करून पुन्हा पुन्हा पाहिल्या. जेफ्री शुल्ट्झ यांच्याबरोबरचं त्यावरचं पुस्तक १९८२चं. त्यांचं म्हणणं, ऐकणाराही बोलणं घडवत असतो. मान नेमक्या क्षणी हलली नाही, किंवा हलली पण बोलणाऱ्याच्या ओळखीच्या रीतीने नाही, की बोलणाऱ्याला वाटतं याला कळलंच नाही. मग तो तेच आणखी सोपं करून सांगत बसतो आणि समोरच्याला वाटतं, मला ढ समजतोय. गोऱ्या समुपदेशकांच्या आणि काळ्या विद्यार्थ्यांच्या भेटींत त्यांना हे दिसलं. याउलट खेळाची आवड वा एखादी समान ओळख निघाली की समुपदेशक मदतीला मोकळा होई.

ऐकणाऱ्याच्या या कामाला परिभाषा शोधत बसू नका, ताई. आजी गोष्ट सांगताना नातवाने द्यायचा तो हुंकार. नातू झोपला की हुंकार थांबतो, गोष्टही थांबते. आपल्या वऱ्हाडी-नागपुरी ‘हव… हव…’चं कामही तेच. पुण्याच्या परीक्षकाला हा ‘हव’ होकार वाटतो की गावंढळपणा, यावर इकडच्या पोराचे गुण ठरत असतील तर तो एरिक्सन यांचाच विषय झाला.

आंतरक्रिया लिहा. संवाद नको, मंत्री माईकवर तासभर एकटे बोलतात त्यालाही हल्ली ‘संवाद साधला’ म्हणतात.