पीएचडी करून पोरगी ऑफिसात बसणार?

सांगली जिल्ह्यातून एका वाचकांचं पत्र आलंय. थोडक्यात असं: "ताई, मी अनुदानित महाविद्यालयात ३२ वर्षं नोकरी करून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. मुलगी अमेरिकेत एका सरकारी विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएचडी करते आहे, पाचवं वर्ष सुरू आहे. परवा फोनवर म्हणाली, 'बाबा, मला प्राध्यापक व्हायचं नाही, पोस्टडॉकही (पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम) करायचं नाही. ग्रॅज्युएट स्कूलच्या ऑफिसात काम करायचंय, पुढे तिथली डीन व्हायचंय.' ग्रॅज्युएट म्हणजे बीएस्सीच ना? मग पीएचडी झालेल्याचं तिथे काय काम? मी जन्मभर फायली वाहिल्या, आता तिनेही त्याच वाहायच्या का? व्हिसा मिळेल का? उद्या परत आली तर इथे कुलसचिव वगैरे होता येईल का? स्पष्ट सांगा."

पत्राच्या कोपऱ्यात तुम्ही जावक क्रमांक घातलाय, दादा. तो बघून हसू आलं आणि खात्रीही पटली, की हे काम तुम्हाला समजावून सांगणं सोपं जाणार आहे.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. आपल्याकडे ग्रॅज्युएट म्हणजे बीए, बीएस्सी झालेला. अमेरिकेत बीएस्सी करणारा अंडरग्रॅज्युएट, आणि त्यापुढचं एमएस, पीएचडी हे सगळं ग्रॅज्युएट. ग्रॅज्युएट स्कूलमध्ये सहसा वर्ग भरत नाहीत, प्रयोगशाळा नसते. शिकवायचं काम रसायनशास्त्र, इतिहास, अभियांत्रिकी अशा विभागांचं. पण या सगळ्या विभागांमधल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सारखे नियम लागू करायचे, फेलोशिप वाटायच्या, मुदती सांभाळायच्या आणि शेवटी पदवीवर मोहोर उठवायची, हे काम या शाळेचं. काही ठिकाणी तिला ग्रॅज्युएट कॉलेज म्हणतात, बर्कले विद्यापीठात ग्रॅज्युएट डिव्हिजन म्हणतात. प्रमुख असतो डीन, आणि तो बहुधा प्रोव्होस्टला, म्हणजे विद्यापीठाच्या शैक्षणिक कारभाराच्या मुख्य अधिकाऱ्याला जबाबदार असतो. आपल्याकडे हेच काम प्र-कुलगुरू, अधिष्ठाता, पीएचडी विभाग आणि आरआरसी (संशोधनाला मान्यता देणारी समिती) यांच्यात वाटलेलं आहे. त्यामुळे विद्यार्थ्याला चार टेबलं फिरावी लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

काही वर्षांपूर्वी मी अशा एका कार्यालयात दोन दिवस बसले होते. असिस्टंट डीन बाईंच्या टेबलावर गोळ्यांचा डबा होता आणि शेजारी टिश्यूचा. सकाळी एक मुलगा आला. चौथ्या वर्षात होता आणि त्याचे मार्गदर्शक दुसऱ्या विद्यापीठात निघाले होते. सोबत जायचं तर नव्या ठिकाणी पहिल्यापासून सुरुवात, राहायचं तर गाईड नाही आणि त्या गाईडच्या प्रकल्पातून मिळणारा पगारही नाही. बाईंनी त्याला डबा पुढे केला आणि फोन उचलला. पहिला विभागप्रमुखांना: पुढच्या सत्रापासून याला शिकवण्याचं काम देता येईल का? दुसरा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला: नोंदणीत खंड पडला तर याच्या व्हिसाचं काय? तिसरा त्याच विषयातल्या दुसऱ्या एका प्राध्यापिकेला. मग मुदतवाढीचा अर्ज त्याच्याकडून तिथेच भरून घेतला आणि खाली स्वतःची तीन ओळींची टिप्पणी लिहिली. पाऊण तासात पोरगा बाहेर पडला. सगळं सुटलं नव्हतं, पण पुढच्या सोमवारी कुठे जायचं ते त्याला कळलं होतं.

माझा स्वतःचा सिनॉप्सिस, म्हणजे पीएचडीचा आराखडा, एका विद्यापीठात एका सहीसाठी ११ महिने पडून होता. ती सही कुणाची हवी, हेच कुणाला माहीत नव्हतं. त्यामुळे त्या बाईंकडे मी जरा हेव्यानेच बघत होते.

दुपारी त्याच कार्यालयात प्रबंधांची तपासणी चालते. समास नियमाप्रमाणे आहेत का, सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे आहेत का, समितीच्या सगळ्या सह्या आल्यात का. हे चिल्लर वाटेल, पण त्यावर पदवी अडते. बाबासाहेबांचंच बघा. १९१३ ते १९१६ ते अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात होते, १९१५ साली एमए झाले. पीएचडीची पदवी मात्र हातात पडली १९२७ साली. त्या काळी प्रबंधाच्या छापील प्रती विद्यापीठात जमा केल्याशिवाय पदवी मिळत नसे, आणि प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध छापून आला १९२५ साली. आज प्रबंध संगणकावरून जमा होतो. पण जमा झाला की नाही, हे ठरवणारं टेबल तेच आहे.

डीनच्या ताकदीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक किस्सा सांगतेच. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट स्कूलचे पहिले डीन अँड्र्यू वेस्ट. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं वसतिगृह कुठे बांधायचं यावरून त्यांचं विद्यापीठाच्या अध्यक्षांशी बिनसलं. अध्यक्षांना ते कॅम्पसच्या मध्यावर हवं होतं, म्हणजे लहानमोठे विद्यार्थी एकमेकांत मिसळतील. वेस्टना ते दूर, गोल्फच्या मैदानाजवळ हवं होतं. १९०९ साली साबणवाल्या प्रॉक्टर घराण्यातल्या एका माजी विद्यार्थ्याने पाच लाख डॉलर देऊ केले, एक अट अशी, की वेस्ट म्हणतात तसं बांधा. पुढच्याच वर्षी आणखी एका माजी विद्यार्थ्याने मृत्युपत्रात मोठी रक्कम ठेवली, आणि त्या मृत्युपत्राचे एक व्यवस्थापक खुद्द वेस्ट! अध्यक्ष हरले, त्याच वर्षी विद्यापीठ सोडून राजकारणात गेले आणि १९१२ साली देशाच्या राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. त्यांचं नाव वुड्रो विल्सन. वसतिगृह १९१३ साली उघडलं, वेस्ट म्हणत होते तिथेच.

आता मुद्द्याचं. तुमच्या लेकीने एक गोष्ट नीट समजून घेतली आहे की नाही, याची मला शंका आहे. या कार्यालयात दोन जिने आहेत आणि ते वर एकमेकांना मिळतातच असं नाही. डीन आणि बहुतेक असोसिएट डीन येतात प्राध्यापकांमधून. आधी टेन्युअर, म्हणजे प्राध्यापकाची कायम नेमणूक, मग पूर्ण प्राध्यापकपद, मग विभागप्रमुख किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे संचालक, आणि मग काही वर्षांसाठी हे पद. मुदत संपली की पुष्कळ जण आपल्या विभागात परत जातात. म्हणजे मूळ खुर्ची प्राध्यापकाची. दुसरा जिना कर्मचाऱ्यांचा: कोऑर्डिनेटर, मॅनेजर, डायरेक्टर, असिस्टंट डीन. इथे पीएचडी असलेली माणसं हल्ली बरीच दिसतात, कारण संशोधक विद्यार्थ्याचं दुखणं त्यांनी स्वतः सोसलेलं असतं. फेलोशिपचे अर्ज लिहायला शिकवणं, पीएचडीनंतरच्या नोकऱ्यांची तयारी करून घेणं, पोस्टडॉक्सचं बघणं, ही कामं त्यांची. पण हा जिना मोठ्या संशोधन विद्यापीठात असिस्टंट डीनपाशी, फार तर असोसिएट डीनपाशी थांबतो. मोठ्या विद्यापीठात प्राध्यापक न होता थेट ग्रॅज्युएट डीन झालेली माणसं विरळाच. लहान संस्थांत आणि खाजगी महाविद्यालयांत गणित थोडं सैल असतं.

म्हणून 'प्राध्यापक व्हायचं नाही' आणि 'पुढे डीन व्हायचंय' ही दोन वाक्यं एका दमात बोलता येत नाहीत. तिला डीनची खुर्ची हवी असेल, तर प्राध्यापकीची वाट सोडण्याआधी दोनदा विचार करू दे. आणि त्या असिस्टंट डीन बाईंसारखं काम हवं असेल, तर वाट अगदी योग्य आहे. मात्र ती वेगळी वाट आहे आणि पगारही प्राध्यापकापेक्षा बहुधा कमी, हे मान्य करून चालावं लागेल. माझा अंदाज, तिला हे दुसरंच हवंय आणि 'डीन' हा शब्द तिने तुमच्यासाठी वापरलाय. कारण असिस्टंट डीन म्हटल्यावर तुम्ही काय म्हणाल, हे तिला ठाऊक आहे.

व्हिसाचं प्रकरण जरा किचकट आहे, आणि तिचा निर्णय तिथेच अडण्याची शक्यता जास्त. एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर १२ महिने काम करता येतं, त्याला ओपीटी म्हणतात. विज्ञानाची पदवी असेल तर त्यापुढे आणखी २४ महिने. पण काम पदवीच्या विषयाशी थेट निगडित असावं लागतं. रसायनशास्त्राची पीएचडी घेऊन विद्यार्थ्यांचे रजेचे अर्ज बघायचे, तर हा संबंध दाखवायचा कसा? आणि पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहिलं की व्हिसाची अडचण सुरू.

नंतरच्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसामध्ये एक सोय आहे. विद्यापीठांना वार्षिक ८५,००० व्हिसांची मर्यादा लागू नाही, त्यामुळे लॉटरीची भानगड नाही. पण त्या पदाला ठरावीक विषयातली पदवी लागते, हे सिद्ध करावं लागतं. जाहिरातीत 'कोणत्याही शाखेची पदवी चालेल' असं असलं, की तो अर्ज लंगडा पडतो. आणि प्रशासनाच्या पुष्कळ जाहिराती तशाच असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लागू झालं. अमेरिकेत राहूनच एफ-वनवरून बदल मागणाऱ्यांना ते लागू नाही, असं पुढच्याच महिन्यात स्पष्ट करण्यात आलं. नियम हलते आहेत, तेव्हा यूट्यूबवरच्या सल्ल्यावर जाऊ नका. तिच्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात बसून तिने लेखी उत्तर घ्यावं.

यातून निघणारा सल्ला असा, की पहिली नोकरी तिने पदाच्या नावावरून निवडू नये, जाहिरातीतल्या पात्रतेच्या ओळीवरून निवडावी. 'विज्ञान शाखेतली पीएचडी आवश्यक' असं लिहिलेली पदं असतात. विज्ञानाच्या संशोधक विद्यार्थ्यांसाठीच्या प्रशिक्षण अनुदानाचं व्यवस्थापन, विज्ञान फेलोशिपचं मार्गदर्शन, प्रयोगशाळांमधल्या पोस्टडॉक्ससाठी कार्यक्रम आखणं. अशा ठिकाणी तिची पीएचडी ही जमेची बाजू तर ठरतेच, व्हिसाच्या कागदावर तीच पुरावा होते.

सध्याची हवा चांगली नाही, हेही सांगायला हवं. २०२५ मध्ये अमेरिकी केंद्र सरकारचं संशोधन अनुदान आटलं तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या एका सरकारी वैद्यकीय विद्यापीठाने पीएचडीला दिलेले प्रवेश मागे घेतले. १ जुलै २०२६ पासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीची 'ग्रॅड प्लस' ही कर्जयोजना नव्या विद्यार्थ्यांना बंद. विद्यार्थी घटले की फीचा पैसा घटतो, आणि कात्री आधी कार्यालयीन पदांवर चालते. तरी असल्या काळातच प्रवेश मागे घ्यायचे की नाही, आधीपासून असलेल्यांचे पगार कुठून द्यायचे, हे निर्णय ग्रॅज्युएट स्कूलच्या टेबलावर येतात. २०२२ च्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठात ४८,००० संशोधक आणि शिकवणारे विद्यार्थी-कर्मचारी पगारवाढीसाठी संपावर गेले होते. अशा वाटाघाटींमध्ये आकडे मांडायला प्रयोगशाळेतला पगार आतून माहीत असलेला माणूस लागतो.

परत आली तर? कुलसचिवपदासाठी यूजीसीची अट अशी, की ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी, आणि एकतर १५ वर्षं सहायक प्राध्यापक म्हणून किंवा ८ वर्षं त्यावरच्या श्रेणीत अध्यापन आणि त्यासोबत शैक्षणिक प्रशासनाचा अनुभव, किंवा १५ वर्षांचा प्रशासकीय अनुभव, त्यातली ८ वर्षं उपकुलसचिव वा समकक्ष पदावर. घोडं अडतं 'समकक्ष' या शब्दाशी. अमेरिकेतलं असिस्टंट डीनपद आपली छाननी समिती कशाच्या समकक्ष धरेल, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, तुम्हीही नाही. अधिष्ठातापदही महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानंतर पूर्णवेळ आणि नेमणुकीचं झालं, पण तीही वाट मुख्यतः अध्यापनातूनच जाते. तेव्हा कुलसचिवपदाच्या आशेवर हा निर्णय घेऊ नका. परतीची वाट खाजगी विद्यापीठं आणि संशोधन संस्थांमधून जास्त शक्य आहे.

फायलींबद्दल तुम्ही लिहिलंत ते मनाला लागलं. पण पत्रात एका वाक्यात तुम्ही सहज सांगून गेलात, की एका मुलीची शिष्यवृत्ती परत जाणार होती आणि तुम्ही स्वतः समाजकल्याणच्या कार्यालयात जाऊन मुदतीच्या दिवशी कागद जमा केलात. तुमच्या लेकीला हेच करायचंय, फक्त मोठ्या टेबलावर. तिने ते बहुधा तुमच्याकडे बघूनच उचललंय.

पुढच्या रविवारी फोन येईल तेव्हा तिला तीन गोष्टी विचारा. प्रबंध जमा करायची तारीख काय ठरली आहे? ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपायच्या ९० दिवस आधीपासून करता येतो, तो दिवस तिने कुठे लिहून ठेवलाय का? आणि तिच्याच विद्यापीठातल्या असिस्टंट डीनकडे अर्धा तास मागून, तुम्ही या खुर्चीपर्यंत कशा आलात, असं तिने अजून विचारलंय का? तिथे असा वेळ मागण्यात कुणाला संकोच वाटत नाही. तिला वाटत असेल, तर तो इथून गेलेला आहे.