खालचे दात पांढरे, वरचे किडके

प्रश्न : डॉक्टरताई, मी अंबडला एका कारखान्यात पॅकिंगला आहे, आठवड्याआड रात्रपाळी असते. मुलगा साडेतीन वर्षांचा. वरचे पुढचे चारही दात तपकिरी होऊन त्यांचे तुकडे पडायला लागलेत, खालचे मात्र पांढरेशुभ्र. सासूबाई म्हणतात, दुधाचेच आहेत, पडतील. नणंद म्हणते, आईचं लक्ष नाही. कॅल्शियम कमी पडलं का? की बोअरच्या पाण्याने झालं?
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : खालचे दात पांढरेशुभ्र आहेत हे लिहिलंत ते बरं केलंत. त्यावरून ही झोपताना दिलेल्या दुधाच्या बाटलीची कीड वाटते. बाटली तोंडात घेऊन झोपणाऱ्या मुलाची जीभ खालच्या दातांवर पडून असते, म्हणून ते वाचतात. दूध साचतं वरच्या दातांवर. झोपेत लाळही कमी सुटते, त्यामुळे ते धुतलं जात नाही आणि तोंडातले जंतू दुधातल्या साखरेचं आम्ल करत राहतात. तुम्ही कामावर असताना त्याला कोण झोपवतं, ते पत्रात नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच घरांत ती आजी असते, आणि बाटलीत साखर घातलेलं दूध. आजीला तरी काय बोलणार? रात्री अकराला पोर आई मागत रडतं, तेव्हा तिच्या हाताशी तेवढंच असतं. एकट्या आईच्या माथी हे मारणं मला तरी पटत नाही.

पाण्याचा संशय सोडा. यवतमाळ-चंद्रपूरकडे काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं, त्याने दातांवर डाग पडतात; तो आजार वेगळा. कॅल्शियमचंही तसंच. दुधाचे दात पोटात असतानाच घडू लागतात, आता टॉनिक पाजून किडलेला दात भरून येत नाही. उलट ती औषधं बहुधा गोडच असतात.

दुसरी गोष्ट तुमच्या गल्लीतली. कोपऱ्यावर पाच रुपयांत बिस्किटं, जेली, चॉकलेट मिळतं आणि पोराला गप्प बसवायला शेजारीपाजारीही तेच देतात. साखर किती खाल्ली यापेक्षा दिवसातून कितीदा खाल्ली, यावर कीड ठरते. सणाला जेवताना एक पुरणपोळी खाल्लेली परवडली, दिवसभर कुरतडलेला बिस्किटपुडा नाही. आणि हो, पिंपळगावहून कुणी पौष्टिक म्हणून बेदाणे आणून देतं ना, तेही दातांना चिकटून बसतात. द्यायचेच तर जेवणाबरोबर द्या.

बाटली एकदम तोडू नका, आजीचे हाल होतील. आधी साखर बंद करा, मग रोज थोडं पाणी वाढवत न्या. शेवटी नुसतं पाणी उरलं की पोरं स्वतःच सोडतात. दूध झोपायच्या आधी, कपाने. त्यानंतर ब्रश, तोही मोठ्या माणसाच्या हाताने. सातआठ वर्षांपर्यंत मुलांना नीट जमत नाही. हजार पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची पेस्ट, वाटाण्याएवढी. तुमच्या रात्रपाळीच्या आठवड्यात हे काम मुलाच्या बाबांकडे द्या.

पुढचे दात तो सहा ते आठ वर्षांचा होईल तेव्हा पडतील हे खरं, पण दुधाच्या दाढा दहाबारा वर्षांपर्यंत लागतात आणि कीड तिकडेही सरकते. पू झाला की ताप येतो, पोर जेवत नाही. म्हणून याच महिन्यात दाखवा. काही दातांवर चांदीयुक्त फ्लोराइडचं औषध लावून कीड थांबवता येते. किडलेला भाग काळा पडतो, घाबरू नका. खर्चाची अडचण असेल तर अंगणवाडी सेविकेला विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, दातही तपासतं आणि पुढच्या मोफत उपचारासाठी चिठ्ठी देतं.