विमानामागे राहणारी पांढरी रेघ म्हणजे धूर असतो का? त्याने हवामान खरंच बदलतं का?

तुम्ही विचारलंय की काही विमानांमागे पांढरी रेघ उमटते, काहींमागे नाही, असं का? ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये म्हटल्याप्रमाणे ही रसायनांची फवारणी आहे का? आणि हवामानावर तिचा परिणाम होतो का?

फवारणी नाही आणि धूरही नाही. तो बर्फ आहे. हवामानावर मात्र परिणाम होतो, आणि वाटतो त्यापेक्षा जास्त होतो.

लहानपणी आमच्या गावात अशी रेघ दिसली की आम्ही पोरं "रॉकेट गेलं, रॉकेट गेलं" म्हणत अंगणात धावायचो. आता भौतिकशास्त्र शिकवतो, तर थंडीतल्या सकाळी मुलांना गच्चीवर नेऊन तीच रेघ दाखवतो. नीट बघितलं तर विमानाचा ठिपका आणि रेघेची सुरुवात यांच्यात थोडं निळं आकाश मोकळं असतं. धूर असता तर तो इंजिनापासूनच दिसू लागला असता. त्या मोकळ्या जागेत इंजिनातून निघालेली गरम वाफ गार होत असते, म्हणून ती अजून दिसत नाही.

1 किलो इंधन जळलं की साधारण सव्वा किलो पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. किलोचं सव्वा किलो कसं, हे मुलं हमखास विचारतात. हायड्रोजन इंधनातला असतो, पण ऑक्सिजन बाहेरच्या हवेतून येतो, त्याचं वजन वाढतं. डिसेंबरात महाबळेश्वरला पहाटे तोंडातून वाफ दिसते, तसंच हे. फक्त तिथे वर तापमान उणे 40 अंशांच्या आसपास किंवा त्याहून खाली असतं, त्यामुळे ती वाफ काजळीच्या बारीक कणांवर जमून लगेच गोठते. किती थंडीत अशी रेघ उमटेल, हे गणित अर्न्स्ट श्मिट यांनी 1941 मध्ये मांडलं आणि हर्बर्ट ॲपलमन यांनी 1953 मध्ये ते पुढे नेलं.

आता काहींमागेच का? भोवतालची हवा कोरडी असेल तर बर्फ मिनिटा-दोन मिनिटांत उडून जातो, विमानामागे आखूड शेपटीच दिसते. हवा ओली असेल तर रेघ टिकते, फुगते, पसरते आणि तासाभरात पिंजलेल्या कापसासारखा पातळ ढग होतो. त्या ढगातला बहुतेक बर्फ विमानाचा नसतोच, आसपासच्या हवेतला असतो. विमान फक्त विरजण लावतं. हे ओले थर बरेचदा काहीशे मीटरच जाड असतात. म्हणून एकाच वेळी गेलेल्या दोन विमानांपैकी एकामागे लांबलचक रेघ असते आणि थोड्या वेगळ्या उंचीवरच्या दुसऱ्यामागे काहीच नसतं. आपल्याकडे इतकी थंडी जवळपास 11 किलोमीटरवर सापडते, युरोपात हिवाळ्यात ती बरीच खाली असते. त्यामुळे हा प्रश्न तिकडे जास्त मोठा आहे.

हवा तापते कशी? आभाळ आलं की थंडी पळते, हे आपल्या शेतकऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. ढग जमिनीची उष्णता गोधडीसारखी अडवून धरतो. दिवसा हाच पातळ ढग थोडं ऊन परत पाठवतो, म्हणजे काही प्रमाणात गारवाही देतो. रात्री ऊन नाही, नुसती गोधडी. एकूण हिशेब तापण्याकडे झुकतो. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात 2018 पर्यंतचा अंदाज असा निघाला: या रेघा आणि त्यांच्यापासून झालेले ढग पृथ्वीवर दर चौरस मीटरला सुमारे 57 मिलिवॅट जास्तीची उष्णता अडवतात, तर विमानांनी तोवर सोडलेला कार्बन डायऑक्साइड सुमारे 34 मिलिवॅट. पहिल्या आकड्यात अनिश्चितता बरीच आहे, हे त्याच अभ्यासात म्हटलंय. आणि ढग काही तासांत विरतो, कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो, म्हणून या दोन आकड्यांची सरळ तुलना करू नये.

11 सप्टेंबर 2001 नंतर अमेरिकेत तीन दिवस विमानं बंद होती, तेव्हा दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक वाढल्याचं काही संशोधकांनी दाखवलं. इतरांनी ते त्या दिवसांच्या निरभ्र हवेमुळे झालं असं म्हटलं. मी तो पुरावा म्हणून वापरत नाही.

मला खरी आशा वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. जपानच्या आकाशाचा अभ्यास केला तेव्हा रेघांच्या एकूण उष्णतेपैकी 80 टक्के वाटा जेमतेम 2 टक्के उड्डाणांचा निघाला. म्हणजे सगळी विमानं हलवायची गरजच नाही. ठरावीक विमानांनी ओला थर टाळून थोडं वरून किंवा खालून जायचं. 2023 मध्ये गूगल आणि अमेरिकन एअरलाइन्सने 70 उड्डाणांत हे करून पाहिलं, तर रेघा 54 टक्क्यांनी कमी झाल्या. त्यासाठी इंधन थोडं जास्त लागतं, आणि ओला थर नेमका कुठे असेल हे आधी सांगणं अजून अवघड आहे. पण फायदा त्याच दिवशी मिळतो.

जागतिक हवामान संघटनेने 2017 मध्ये अशा रेघांना ढगांच्या यादीत अधिकृत जागा दिली. अट एवढीच की ती किमान 10 मिनिटं टिकली पाहिजे. तेव्हा पुढच्या वेळी रेघ दिसली की मोबाइलवर विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपमध्ये त्या विमानाची उंची बघा, घड्याळ लावा, आणि 10 मिनिटांनी परत वर बघा. पसरलेली दिसली तर इथेच लिहा, कुठून आणि किती वाजता दिसली तेही सांगा.