अपस्मारातला 'स्मार' कुठला? आणि आकडी, फेफरं, फीट सगळं एकच का?

विट्याच्या एका ताईंनी विचारलंय की मुलीच्या शाळेच्या फॉर्मात आजार लिहायचाय, डॉक्टर 'अपस्मार' म्हणतात, सासूबाई 'फेफरं' म्हणतात, शेजारी 'आकडी', आणि घरात सगळे 'फिटा'. यातलं काय लिहायचं? आणि अपस्मारात स्मृती असेल तर पोरीची आठवण जाणार आहे का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण खरी धास्ती तीच दिसतेय. हो ताई, 'स्मार' आलाय तो 'स्मृ' म्हणजे आठवणे या धातूवरनंच, अप म्हणजे दूर जाणं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात व्याख्याच दिलीय, 'स्मृतेरपगमं प्राहुरपस्मारम्', स्मृती निघून जाते म्हणून अपस्मार. पण इथं स्मृती म्हणजे पाढे आणि कविता पाठ राहण्याची स्मृती नव्हे, त्याच श्लोकात पुढं तमःप्रवेश म्हणजे अंधारात शिरणं म्हटलंय, म्हणजे आपण ज्याला शुद्ध हरपली, भान गेलं म्हणतो ते. मिरजेच्या स्टँडवर कुणाला फीट आली की पब्लिक कांदा आण, चप्पल हुंगव, किल्ली दे म्हणून गोंधळ घालतं (याचा काडीचा उपयोग नसतो, बहुतेक फिटा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, माणसाला कुशीवर करावं, तोंडात काही घालू नये, पाच मिनिटांच्या वर गेलं तर सरळ दवाखाना), आणि तो माणूस उठल्यावर विचारतो, काय झालं, एवढी गर्दी कशाला? मधली ती मिनिटं त्याच्याजवळ नसतातच. अपस्मार हा शब्द त्या गेलेल्या मिनिटांवरनं पडलाय. ग्रीक लोकांनी एपिलेप्सी म्हणताना धरणं, झडप घालणं बघितलं, म्हणजे बाहेरनं काय दिसतं ते, आपल्या वैद्यांनी उठलेल्या माणसाला काय आठवतं ते बघितलं. मला आपला शब्द जास्त आवडतो, पक्षपात म्हणा हवं तर.

आता गंमत अशी की आठवण आणि फीट यांचा खराखुरा संबंधही पुढं सापडला, तो ऑपरेशनमुळं. १९५३ साली अमेरिकेत हार्टफर्डला हेन्री मोलेसन नावाच्या २७ वर्षांच्या माणसाच्या फिटा कशानंच थांबेनात म्हणून स्कोव्हिल नावाच्या सर्जननी त्याच्या मेंदूतला कानशिलाच्या आतल्या बाजूचा भाग काढला, तोही दोन्हीकडचा, त्यात हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी पक्क्या करणाऱ्या तुकड्याचा, बराचसा भाग गेला. फिटा पुष्कळ कमी झाल्या पण नवीन काही लक्षात राहीना. आत्ता भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की हेन्रीला अनोळखी. बुद्धी शाबूत, लहानपणचं बरंचसं आठवायचं. ब्रेंडा मिलनर या बाईंनी त्याला आरशात बघून दोन रेषांच्या मधनं चांदणी गिरवायला दिली, ती तो दिवसागणिक सफाईनं गिरवायला लागला, आणि दर वेळी त्याला वाटायचं की हे आपण पहिल्यांदाच करतोय!

मराठीत बघा, आपण हे दोन वेगळंच बोलतो. गोष्ट 'आठवते' किंवा 'लक्षात राहते', पण काम 'अंगवळणी पडतं', कामावर 'हात बसतो'. हेन्रीचा हात बसत होता, लक्षात काही राहत नव्हतं. १९५७ साली स्कोव्हिल आणि मिलनर यांनी हे छापल्यावर दोन्ही बाजूंना हात लावायचा नाही हे सर्जन लोकांना कळून चुकलं. आता ऑपरेशन करतात ते एका बाजूचं, आधी तपासून, आणि तेही गोळ्यांनी न भागणाऱ्यांचं, असे साधारण तिघांत एक असतात, त्यातल्याही सगळ्यांचं होत नाही. आपल्याकडं त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेच्या दवाखान्यात १९९५ पासून हे चालू आहे. कॅनडात ८० जणांवर एक तुलना झाली होती, २००१ साली छापून आली, वर्षभरानंतर ऑपरेशनवाल्या गटात ५८ टक्के लोकांची भान घालवणारी फीट बंद झाली होती आणि नुसत्या गोळ्यावाल्यांत ८ टक्के.

माझ्या आत्तेभावाचं असंच डाव्या बाजूचं झालंय. तासगावकडं द्राक्षाची बाग आहे त्याची. आधी त्याला पोटातनं काहीतरी वर सरकल्यासारखं व्हायचं, मग 'हे मागं एकदा झालंय' असं वाटायचं आणि पाठोपाठ फीट. आता फीट नाही, पण शब्द अडतात. छाटणीची कात्री घेऊन काडी न् काडी बरोबर कापत जातो आणि गड्याला सांगताना, "ते आपलं हे... मणी कमी करायचं..." म्हणून थांबतो, मग गडीच म्हणतो, विरळणी व्हय? डाव्या बाजूच्या ऑपरेशननंतर नावं-शब्द असे ओठावर येऊन अडणं बऱ्याच जणांना होतं, डॉक्टरांनी ते त्याला आधीच सांगितलं होतं आणि तरी त्यानं हो म्हटलं, कारण फिटांमुळं मोटारसायकल आणि विहीर दोन्ही बंद झालेलं.

पण हे सगळं एका प्रकारच्या अपस्माराचं झालं ताई. प्रत्येक अपस्मारवाल्या पोराचा हिप्पोकॅम्पस बिघडलेला नसतो, तेव्हा नावावरनं पोरीला विसराळू ठरवू नका, आणि अभ्यासात मागं पडत असेल तर तेवढ्यासाठी वेगळं विचारा डॉक्टरांना, कधी गोळीमुळंही पोरं सुस्तावतात.

राहिला फॉर्म. आकडी आपण जास्त करून लहान पोराच्या तापातल्या झटक्याला म्हणतो, आणि तापातली आकडी म्हणजे अपस्मार नव्हे, म्हणून ते लिहू नका. फेफरं शब्द अस्सल आहे पण 'बिल बघून फेफरं आलं' असं चेष्टेत इतकं वापरून झालंय की फॉर्मात नको वाटतो. मिरगी हिंदीकडनं आलेली. फीट म्हणजे एक झटका आणि अपस्मार म्हणजे तसे झटके परत परत येण्याचा आजार, त्यामुळं 'अपस्मार आला' असं होत नाही, अपस्मार असतो आणि फीट येते. 'अपस्मार आहे, फीट येते, गोळ्या चालू आहेत' असं लिहा, म्हणजे मास्तरांनाही कळेल आणि दवाखान्यातही. अनेकवचन फिट्स लिहिलं काय, फिटा लिहिलं काय, दोन्ही चालतंय.