व्हिसा कधीच संपलाय, आता असायलम टाकू का?

प्रश्न: नमस्कार काका, मी भांडुपला राहते. माझा धाकटा भाऊ 2017 च्या नोव्हेंबरमध्ये बायकोला घेऊन टुरिस्ट व्हिसावर न्यू जर्सीला गेला तो तिकडेच राहिला, आता गॅस स्टेशनवर रोख पगारावर काम करतो, मुलगी 2019 ला तिथेच झाली. फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेने बेड्या घालून अमृतसरला परत पाठवलेली 104 माणसं टीव्हीवर बघितल्यापासून आईची झोप उडालीये. तिकडचा एक एजंट म्हणतो सात हजार डॉलर द्या, असायलम म्हणजे आश्रयाचा अर्ज टाकू, स्टोरी आम्ही लिहून देतो, लगेच वर्क परमिट. गावाला भावकीत जमिनीवरून वाद आहे, धमक्यापण आल्यात, ते चालेल का? दहा वर्षं झाली की ग्रीन कार्ड मिळतं असंपण ऐकलंय. आणि आई आजारी असते, तो एकदा भेटून परत जाऊ शकतो का?

उत्तर: ताई, आधी एजंटचं बोलू, कारण पैसे अजून दिले नसतील तर वाचतील. असायलम मिळायला वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा एखाद्या विशिष्ट सामाजिक गटाचं असणं, या पाचपैकी एका कारणावरून छळाची भीती दाखवावी लागते. भावकीचा जमिनीचा वाद कितीही खरा असला, कोयते निघाले असले तरी तो यात सहजासहजी बसत नाही. वर जज हमखास विचारणार की गावात धोका आहे ना, मग भांडुपला जाऊन राहा, पुण्याला जा, आणि तुमचा भाऊ तर वाढलाच भांडुपला! शिवाय अर्ज अमेरिकेत पोचल्यापासून एका वर्षात करायचा असतो, परिस्थितीत मोठा बदल झाला किंवा तसंच काही असाधारण घडलं तरच उशीर माफ होतो. या वर्षाच्या अटीशिवायचं एक संरक्षण आहे, विथहोल्डिंग म्हणतात, पण कारणं तीच पाच, पुरावा अजून तगडा लागतो आणि त्यातून ग्रीन कार्ड कधीच मिळत नाही.

मग एजंट हे का विकतो? अर्ज पेंडिंग असताना वर्क परमिट मिळू शकतं ना, तेच आमिष. त्याने जे सांगितलं नसेल ते मी सांगतो. अर्ज मंजूर झाला नाही की स्टेटस नसलेल्या माणसाची केस सरळ इमिग्रेशन कोर्टात जाते, म्हणजे आज ज्याच्या नावाची फाईलच नाही तो स्वतःहून पत्ता देऊन दारात उभा राहतो. आणि स्टोरी एजंटची असली तरी खाली सही भावाची. जाणूनबुजून खोटा अर्ज केला असं कोर्टाने ठरवलं तर इमिग्रेशनचे जवळपास सगळे रस्ते कायमचे बंद. हे का झोंबतं सांगतो, तुमची भाची तिथली नागरिक आहे, 2040 मध्ये 21 वर्षांची होईल तेव्हा ती बापासाठी अर्ज करू शकते आणि भाऊ व्हिसावर रीतसर शिक्का मारून आत गेलाय म्हणून आजच्या कायद्यात त्याला देश न सोडता तिथेच ग्रीन कार्ड मिळू शकतं, बॉर्डर चोरून ओलांडणाऱ्यांना ही सोय सहसा नसते. बरंच लांबचं आहे मान्य, पण सात हजार डॉलर देऊन ते जाळायचं?

दहा वर्षांचं अर्धवट खरं आहे. त्याला कॅन्सलेशन ऑफ रिमूव्हल म्हणतात, म्हणजे हद्दपारी रद्द करणं. सलग दहा वर्षं राहणं लागतं, चारित्र्य चांगलं लागतं आणि नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्या नवरा-बायको, आईवडील किंवा मुलांवर अगदी असामान्य संकट येईल हे सिद्ध करावं लागतं. बाप गेला तर पोरगी रडेल, शाळा बदलेल, एवढ्याने भागत नाही, गंभीर आजार वगैरे असेल तर वजन पडतं. भांडुपच्या आईचं दुखणं तर या हिशोबात धरतच नाहीत, ऐकायला कठोर आहे पण कायदा तसाच आहे. वर्षाला फक्त 4000 लोकांना हे मिळतं आणि मागायचं तेही डिपोर्टेशनची (देशाबाहेर काढायची) केस सुरू झाल्यावरच, घरबसल्या नाही. त्यातली गोम अशी की कोर्टात हजर राहा अशी नोटीस हातात पडली की दहा वर्षांचं घड्याळ तिथेच थांबतं. भावाची दहा वर्षं भरतात नोव्हेंबर 2027 ला. म्हणजे त्याआधी असायलम फेटाळून नोटीस आली तर हेही गेलं! (नोटिशीत तारीख-वेळ नसेल तर घड्याळ थांबत नाही, 2018 ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, म्हणून नोटीस आलीच तर तिचं पान न पान वकिलाला दाखवायचं.)

वकील मात्र हवाच, आणि तो स्वतःच्या खर्चाने, इमिग्रेशन कोर्टात सरकार वकील देत नाही. कन्सल्टंट, टॅक्सवाला, मंदिरात भेटलेला ओळखीचा हे वकील नव्हेत. बार लायसन (वकिलीचा परवाना) नंबर मागा, तो त्या राज्याच्या साइटवर तपासता येतो. आणि केस सुरू झाली तर रूम बदलली की पाच दिवसांत कोर्टाला पत्ता कळवायचा, तारीख चुकली तर मागे डिपोर्टेशनची ऑर्डर निघते आणि माणसाला पत्ताच नसतो.

येऊन परत जायचं विचारलंत. नाही हो. वर्षापेक्षा जास्त बेकायदा राहून बाहेर पडला की दहा वर्षं परत प्रवेश बंद. त्यापेक्षा आईलाच पाठवू म्हणाल तर बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीच्या व्हिसा अर्जात मुलगा अमेरिकेत आहे का आणि कुठल्या स्टेटसवर, हा प्रश्न असतो. तिथे मुलगाच नाही असं कुणाच्या सांगण्यावरून लिहू नका, खोटं सापडलं तर आईच्या व्हिसाचंपण कायमचं वाजेल. खरं लिहून व्हिसा नाकारला जायची शक्यता बरीच आहे, हे तिला आधीच सांगून ठेवा.