वाचकांचे प्रश्न : बाळाचं वरचं खाणं, घरचं की पाकिटातलं?

बाळाला सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधाच्या जोडीने वरचं खाणं सुरू होतं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूतीची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, म्हणजे तीही जेमतेम सहाच महिन्यांची. उष्टावण आणि ऑफिस एकाच आठवड्यात सुरू होतं, त्यामुळे या विषयावर प्रश्न भरपूर आले. आमचं मत आधीच सांगतो : ओलं खाणं घरी, कोरडं खाणं प्रवासात. घरचं की विकतचं, हा प्रश्न त्यानंतरचा.

सात महिन्यांची मुलगी सकाळी साडेआठपासून पाळणाघरात असते. सासूबाई म्हणतात, पाकिटातलं पीठ अजिबात नको. डॉक्टर म्हणाले, चालेल. काय करू? (पुणे)

अडीनडीला चालेल, रोजच्या तिन्ही जेवणांना नको.

डॉक्टर चालेल म्हणाले, त्यामागे बहुधा लोहाचा विचार असावा. पोटात असताना बाळाला मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास सरत येतो आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं. विकतच्या धान्याच्या पिठात ते वरून मिसळलेलं असतं. घरच्या तांदूळ-मूगडाळीच्या खिमटात फारसं नसतं, ही गोष्ट घरच्या खाण्याचा आग्रह धरणाऱ्यांनीही मान्य करायला हवी. सगळं घरचंच द्यायचं असेल तर लोहाचं औषध चुकवू नका. सरकारी कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलि सिरप देतात, त्यात २० मिलिग्रॅम लोह असतं. आशाताईंकडे किंवा तुमच्या डॉक्टरांकडे विचारा. शिवाय नीट शिजवून कुस्करलेलं अंडं, खात असाल तर अगदी बारीक वाटलेलं मटण किंवा चिकन, आणि डाळीवर लिंबाचे चार थेंब. लिंबामुळे डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते.

सासूबाईंचा आक्षेपही पोकळ नाही. एप्रिल २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या ‘पब्लिक आय’ या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या खाण्यामागे सरासरी सुमारे २.७ ग्रॅम साखर घातलेली असल्याचं प्रसिद्ध केलं. नंतर कंपनीने इथे साखर न घातलेले प्रकार आणले. म्हणून ब्रँड कुठलाही असो, पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचा. जो पदार्थ सर्वांत जास्त तो यादीत पहिला असतो. साखर, सुक्रोज, ग्लुकोज सिरप, फळांच्या रसाचं काँसन्ट्रेट यांपैकी काही दिसलं तर पाकीट परत ठेवा. माल्टोडेक्स्ट्रिन पहिल्या तीन-चार नावांत असेल तर धान्याच्या जागी स्वस्त पिष्ट भरलं आहे असं समजा.

पीठ कालवताना एक चूक वारंवार होते. पिठात दूध आधीच असेल तर ते फक्त उकळलेल्या पाण्यात कालवायचं असतं. त्यात पुन्हा दूध घातलं की मिश्रण जड होतं, बाळाला शौचाला खडा होतो आणि दोष पिठाला जातो. मोजायला पाकिटातलाच चमचा वापरा. पाळणाघरात अख्खं पाकीट देऊ नका. एकेका वेळचं कोरडं पीठ छोट्या डब्यांत मोजून, वर वेळ लिहून द्या. तिथे काम एवढंच उरतं की पाणी घालायचं आणि भरवायचं.

डोंबिवलीहून नागपूरला रेल्वेने जायचं आहे, बाळ आठ महिन्यांचं. नुसत्या गरम पाण्यात कालवून देता येईल असं घरचं काही आहे का? भाजलेल्या तांदूळ-डाळीचं पीठ नेलं तर? (डोंबिवली)

ते पीठ नेऊ नका. तांदूळ-डाळ भाजली तरी ती शिजलेली नसते. थर्मासमधल्या पाण्यात ते पीठ फुगत नाही, कचकचीत राहतं, आणि बाळाचं पोट दुखतं. ते घरी गॅसवर सात-आठ मिनिटं शिजवूनच द्यायचं.

प्रवासात कामाचे पदार्थ ते, जे तयार होतानाच शिजतात : पोहे, लाह्या आणि डाळं. पातळ पोहे १०० ग्रॅम, पंढरपुरी डाळं ५० ग्रॅम, राजगिऱ्याच्या लाह्या ५० ग्रॅम. पोहे निवडून मंद आचेवर चुरचुरीत होईपर्यंत भाजा. डाळं सालं काढून नुसतं गरम करा. त्यावर मीठ किंवा हळद लावलेली नाही ना, ते बघूनच घ्या. लाह्या चाळून तळाशी राहणारे न फुटलेले दाणे टाकून द्या. सगळं पूर्ण गार झाल्यावरच दळा. गरम दळलं तर वाफेने पीठ दमट होतं आणि आठवड्यात कुबट वास येतो. मैद्याच्या चाळणीने चाळा, उरलेला भरडा पुन्हा फिरवा. २०० ग्रॅम पिठात साधारण दहा वेळा होतात. कोरड्या घट्ट डब्यात पंधरा दिवस टिकतं, पावसाळ्यात कोकणपट्टीत आठच दिवसांचं करा.

एका वेळेला २० ग्रॅम, म्हणजे सुमारे तीन सपाट मोठे चमचे. घरच्या वजनकाट्यावर एकदा मोजून पुड्या बांधा, गाडीत अंदाज चुकतो. वाटीत पीठ घेऊन उकळून थर्मासमध्ये भरलेलं पाणी थोडं थोडं घाला. आधी दोन चमचे पाण्यात घट्ट गोळा मळा, मग सैल करा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. एकूण ८० ते १०० मिलि पाणी लागतं. पाच मिनिटं झाकून ठेवा, डाळ्यामुळे ते आणखी घट्ट होतं. मग चहाचा एक चमचा तूप. गोडी हवी तर अर्धं पिकलेलं केळं कुस्करा, साखर-गूळ नको.

शेंगदाण्याचं कूट पिठात आधीपासून मिसळू नका, ते खवट होतं आणि सगळं पीठ वाया जातं. कूट घरी देऊन पचलेलं असेल तर वेगळ्या डबीत न्या आणि आयत्या वेळी चिमूटभर घाला. सुरकुतलेले, काळपट किंवा कडवट दाणे कुटात जाऊ देऊ नका, त्यांत बुरशीचं विष असू शकतं. अख्खा किंवा अर्धा दाणा या वयात अजिबात नाही, घशात अडकतो.

केळं विसरू नका. सालीसकट येणारं, चाकू न लागणारं, कुठल्याही स्टेशनवर मिळणारं तयार बाळखाणं तेच. वाटेत हॉटेलात थांबलात तर शिळ्या कोमट भातापेक्षा मोदकपात्रातून नुकती निघालेली इडली मागा. बाळाला आतला मऊ भाग तूप लावून द्या, सांबार-चटणी नको.

खिमट सकाळी सातला थर्मासच्या डब्यात भरते, थोडं भरवून बाकीचं परत त्याच डब्यात. बाराला उघडलं की पाण्यासारखं पातळ आणि आंबूस. डबा खराब आहे का? (कोल्हापूर)

डबा बहुतेक ठीक असावा. पातळ होण्याचं कारण लाळ आहे. चमचा बाळाच्या तोंडात जाऊन वाटीत येतो, लाळेतलं अमायलेज हे पाचकद्रव्य पिष्ट तोडतं आणि घट्ट खिमट तासाभरात सैल होतं. त्याच लाळेतून जिवाणूही जातात. म्हणून उष्टं उरलं की टाकायचं, मग ते कितीही महागाचं असो. आधी थोडंसंच वेगळ्या वाटीत काढून भरवा, डब्यात तोंडातला चमचा बुडवू नका.

आंबण्याचं कारण तापमान. ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये जिवाणू झपाट्याने वाढतात आणि अर्धा भरलेला, न तापवलेला डबा तासाभरात त्याच टप्प्यात येतो. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात रुजतात, आणि त्यांचं एक विष पुन्हा उकळूनही जात नाही. त्यामुळे ‘परत गरम केलं की झालं’ हा हिशेब इथे लागू पडत नाही.

डब्यात न्यायचंच असेल तर डबा आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं झाकून ठेवा. खिमट रटरटत असताना गळ्यापर्यंत भरा, पहिल्यांदा उघडाल तेव्हाच खाऊ घाला, आणि चार तासांच्या पुढे ठेवू नका. साध्या स्टीलच्या डब्यातलं शिजवलेलं अन्न दोन तासांत संपवा. मे महिन्याच्या उन्हात ती मुदत एक तासाची धरा.

नाचणीचं सत्त्व विकतचं घ्यावं की घरी करावं? घरचं कधी कधी आंबट लागतं. (नाशिक)

घरी करा, पण कापडातून गाळून साका काढण्याची पद्धत सोडा. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. वाटून, गाळून, वरचं पाणी ओतून तळाचा पांढरा साका वाळवला की हाती राहतं ते मुख्यतः पिष्ट. कॅल्शियम आणि लोहाचा मोठा वाटा चोथ्याबरोबर जातो. सहा महिन्यांच्या बाळाला मोड आणून दळलेलं, मैद्याच्या चाळणीने चाळलेलं पीठ पचतं.

नाचणी चार-पाच पाण्यांनी धुवा, खडे रोळून काढा. आठ ते दहा तास भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला. उपसून सुती कापडात सैल बांधा आणि कापड दर सहा-आठ तासांनी ओलं करा. उन्हाळ्यात एका दिवसात मोड येतात, थंडीत दीड-दोन दिवस लागतात. तुमचं आंबट होतं ते इथे : पुरचुंडी फार घट्ट, किंवा मोड लांब होईपर्यंत थांबणं, किंवा मोड आल्यावर दमट हवेत वाळत घालणं. मोड तांदळाच्या कणीएवढे दिसले की थांबा, पातळ पसरा आणि दाणा दाताखाली कट्कन फुटेपर्यंत वाळवा. मग मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजून दळा. पावसाळ्यात पंख्याखाली वाळवूनही दाणा चिवट राहिला तर तो घाणा बाळासाठी वापरू नका.

यातलं मूठभर धान्य न भाजता वेगळं दळून ठेवा. मोडांत अमायलेज असतं. खिमट घट्ट शिजवून थोडं निवू द्या, त्यात या पिठाची चिमूट ढवळा, दोन मिनिटांत ते सैल होतं. मग पुन्हा एक उकळी काढा, कारण हे पीठ कच्चं आहे. पाणी न वाढवता खाणं गिळायला सोपं होतं. कमी खाणाऱ्या बाळासाठी याहून चांगली युक्ती आम्हाला माहीत नाही.

आई म्हणते, आठ महिन्यांपर्यंत डाळीचं पाणी आणि भाताची पेज पुरे. (सांगली)

पुरत नाही. बाळाच्या पोटात दर किलो वजनामागे साधारण ३० ग्रॅम अन्न मावतं, म्हणजे आठ किलोच्या बाळाच्या पोटात २४० ग्रॅम. डाळीच्या वरच्या पाण्याने ते भरलं तर जागा गेली आणि ताकद मिळाली नाही. सहा ते आठ महिन्यांत आईच्या दुधाखेरीज वरच्या खाण्यातून दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००. दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूगडाळ यांचं २० ग्रॅम पीठ शिजवून त्यात चमचाभर तूप घातलं की सुमारे ११५ कॅलरी होतात. असं दोनदा झालं की दिवस भागतो. खिमट चमच्यावरून ओघळता कामा नये, तेवढं घट्ट हवं. आईंना सांगा, डाळ तीच, फक्त खालचा गाळही घोटून द्यायचा. एक वर्षापर्यंत मीठ-साखर नाही. मधही नाही, चाटणातसुद्धा नाही, त्यातून बॉट्युलिझम, म्हणजे जिवाणूच्या विषाची गंभीर बाधा होऊ शकते.

रविवारी भाज्यांच्या प्युरी करून फ्रीजरमध्ये ठेवल्या तर? (नागपूर)

ठेवा. भोपळा, गाजर, रताळं, मटार बर्फाच्या ट्रेमध्ये चांगले राहतात. एका खणात साधारण २५ मिलि मावतं. गोठल्यावर वड्या पिशवीत भरून तारीख लिहा, महिन्याच्या आत संपवा. रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवा, ओट्यावर नको. लागेल तेवढंच एकदा उकळी येईपर्यंत गरम करा. दिवे बराच वेळ गेले आणि वड्या सैल झाल्या तर पुन्हा गोठवायच्या नाहीत. पालक आणि बीट मात्र साठवू नका, त्यांतल्या नायट्रेटचं ठेवल्यावर नायट्राइट होतं आणि ते बाळाला अपायकारक असतं. या भाज्या ताज्या शिजवून लगेच द्या.

इथे दुकानात शेकडो जार आणि पाउच आहेत, पण जड धातूंच्या बातम्यांनी धास्ती घेतली आहे. भारतात येताना विमानात काय नेऊ? (न्यू जर्सी)

अमेरिकेच्या एफडीएने जानेवारी २०२५ मध्ये बाळांच्या तयार खाण्यातल्या शिशाच्या मर्यादा ठरवल्या : फळं, भाज्या आणि मिश्रणांत अब्जात १० भाग, नुसत्या कंदमुळांत आणि कोरड्या धान्यपिठात २०. तांदळाच्या पिठातल्या आर्सेनिकची १०० ची मर्यादा २०२० पासून आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे कंपन्यांना चाचणीचे आकडे वेबसाइटवर द्यावे लागतात, ते बघून घ्या. घरी केलं म्हणून तांदळातलं आर्सेनिक जात नाही. भरपूर पाण्यात भात शिजवून ते पाणी ओतलं तर कमी होतं. रोज तांदूळ न देता नाचणी, ओट्स, गहू आलटून पालटून द्या.

पाउच तोंडाला लावून चोखू देऊ नका, चमच्यावर पिळा. चोखल्याने चावायची सवय लागत नाही आणि गोड गर दातांवर राहतो. थेट तोंडाला लावलेला पाउच उरला तर फेका. आंतरराष्ट्रीय विमानात द्रवाला १०० मिलिची मर्यादा असते, पण प्रवासापुरतं बाळाचं खाणं त्यातून वगळलेलं आहे. ते वेगळ्या पिशवीत ठेवा, तपासणीच्या वेळी आपणहून सांगा, उघडून दाखवावं लागेल अशी तयारी ठेवा. पोह्याच्या पिठाच्या पुड्यांवर नाव लिहा. थर्मास रिकामा न्या आणि तपासणी झाल्यावर कॉफीच्या दुकानातून उकळतं पाणी भरून घ्या.