क्रिमिनॉलॉजी घेतेस, तर आधी पंचनामा वाच

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

क्रिमिनॉलॉजी, म्हणजे गुन्हेगारीशास्त्र, घ्यायचं म्हणतेस आणि "त्यात नोकरी कुठली?" यावरून घरात रोज वाजतंय, असं तुझी आई परवा फोनवर म्हणाली. तिचा प्रश्न रास्त आहे. नुसत्या या पदवीवर कोणी खाकी देत नाही. पीएसआय व्हायचं तर एमपीएससी, आणि तिथे कुठल्याही शाखेची पदवी चालते. सरकारी वकिलीला एलएलबी हवीच. मुंबईत कलिन्याच्या न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेत जायचं तर केमिस्ट्री किंवा बायोलॉजी पक्की हवी. परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी व्हायचं किंवा तुरुंगात समाजकार्य करायचं मनात असेल, तर पुढे देवनारला टिसमध्ये (टाटा समाजविज्ञान संस्थेत) त्याचं शिक्षण आहे. आईला हे असंच सांग, गुळमुळीत नको.

तरीही घे, असं मी म्हणेन. गुन्हा कोणी केला हे पोलीस शोधतात. गुन्हेगार कोणाला म्हणायचं हे कोण ठरवतं, ते हा विषय शिकवतो. वर्गात तुला लोम्ब्रोसो हा इटालियन डॉक्टर भेटेल. कवटी आणि जबडा बघून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो, असं तो १८७६ मध्ये लिहीत होता. त्याच्या पाच वर्षं आधी इंग्रजांनी आपल्याकडे कायदा करून अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पण चोरी झाली की संशय पहिल्यांदा पारधी पालावर जातो, ते काही गेलं नाही. उलट बाजूही वाच. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. भिंतीशिवाय, शेती करत, बायकामुलांसह राहणारे कैदी! परीक्षेत याला दोन मार्क असतील-नसतील, पण तू सोडू नकोस.

आता पंचनामा. बहुतेक मुलं व्याख्या पाठ करतात, कागद कोणी बघत नाही. एखाद्या वकिलाकडून निकाली निघालेल्या खटल्यातला मिळव आणि सावकाश वाच. सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ, जागेच्या चतुःसीमा, काय जप्त केलं, कुठल्या पाकिटात घातलं, लाखेचं सील, लेबलवर पंचांच्या सह्या. मग ते पाकीट मुद्देमाल खोलीत कधी गेलं आणि कलिन्याला कधी पोचलं, ते जुळवून बघ. प्रयोगशाळेच्या सीए (केमिकल ॲनालायझर) रिपोर्टात सील शाबूत असल्याचा शेरा असतो, तो शोध. मधले चार दिवस पाकीट कोणाकडे होतं याची नोंद नसेल, तर बचावाचा वकील उलटतपासणीत नेमका तिथेच ठाण मांडतो. मग चांगला तपासही वाया जातो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती-जप्तीचं चित्रीकरण आलं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं, अशीही तरतूद आली. म्हणजे माणसं लागणार. मात्र त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनी भादंवि, म्हणजे भारतीय दंड संहिताच लागू, तेव्हा खुनाचं जुनं कलम ३०२ आणि नव्या न्याय संहितेतलं १०३ दोन्ही पाठ हवेत.

दुसरी गोष्ट जामिनाची. मुंबईत महापालिका मार्गावरच्या किल्ला कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बस. कोर्ट खुलं असतं, पास लागत नाही. (पॉक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची प्रकरणं बंद दाराआड चालतात, तिथे डोकावू नकोस.) जामीन मंजूर होतो, नातेवाईक हात जोडतात, आणि माणूस तरी आर्थर रोडच्या तुरुंगातच राहतो. का? जामीनदार मिळत नाही. गोवंडीत भाड्याच्या खोलीत राहणारी आई रेशनकार्ड पुढे करते, त्यावर पत्ता गावचा. पगाराची स्लिप कुठून आणणार? तुरुंगात आहेत त्यांतले बहुसंख्य कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, आहेत, हे आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात दरवर्षी छापून येतात. त्यामागचं कारण कोर्टाच्या या व्हरांड्यात दिसतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ म्हणतं, पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडावं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून, आणि एकाहून जास्त प्रकरणं अंगावर नसतील तर. पण हे दिवस मोजायचे कोणी? टिसचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून अशाच माणसांसाठी काम करतोय. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात कामाचं शिक्षण तिथे आहे. खुनांच्या मालिका बघून या क्षेत्रात आलेली मुलं इथे कंटाळतात. कंटाळू देत.

प्रवेशाचा अर्ज भरायच्या आत आठवडाभर कोर्टात बस. वहीत नावं लिहू नकोस. फक्त कलम, तारीख आणि पुढची तारीख का पडली ते लिही. ती वही घेऊन रविवारी घरी ये, आईलाही आण. पाच वर्षांचं लॉ करायचं की आधी बीए, ते तेव्हा बोलू.

तुझा,
काका